शुक्रवारचा ळ

माझ्या आडनावात एक 'ळ' आहे. आडनाव सांगत नाही, इथं तेवढं अक्षर पुरे. आमच्या दारावर नावाची पाटी नाही. पोस्टमन नवा आला की शेजारच्यांना विचारतो, हे इथंच राहतात का. पाटी आहे, पण ती बैठकीतल्या कपाटामागं, भिंतीकडं तोंड करून उभी आहे. पंचवीस वर्षं झाली. ज्या मास्तरांनी ती रंगवली त्यांच्याबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. शाळेच्या स्मरणिकेसाठी दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा मी आजारी पडलो.

मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तीन-चार वर्षं झाली होती. मी पैठणकडच्या खेड्यातून औरंगाबादला त्या शाळेत शिकवायला आलो होतो, चोवीस वर्षांचा. मास्तर पंचेचाळिशीच्या घरात. उंच, थोडे वाकलेले, बोटांना कायम शाई. अंगात काळा कोट. हा कोट मुळात शेरवानी होता. राज्य बदललं तशा गावातल्या शेरवान्या पेट्यांत गेल्या. मास्तरांनी आपली मांडीपासून कापून तिचा कोट केला आणि उरलेल्या कापडाची बोरू ठेवायची पिशवी शिवली. "वरचा भाग हिंदुस्थानात आला," ते सांगायचे, "खालचा अजून निजामाकडं नोकरीला आहे."

ते देशस्थांच्या घरातले. पिढ्यान्‌पिढ्या दफ्तराचं काम, शिक्षण सगळं उर्दूतून, जसं तेव्हा इथं सगळ्यांचंच व्हायचं. लहानपणी ते एका उस्तादांकडं खुशखत, म्हणजे सुंदर उर्दू अक्षर काढायला शिकले होते. उस्ताद आल्या आल्या कलम हातात देत नसत. तासभर नुसतं बसवून ठेवत. "पहले बैठना सीखो," म्हणत. मास्तरांनी ते आयुष्यभर धरून ठेवलं. आमच्या शाळेत त्यांचा तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं, "हात मांडीवर. काही करू नका. विचारसुद्धा मुद्दाम करू नका, आला तर येऊ द्या." पन्नास पोरं गप्प. हेडमास्तर व्हरांड्यातून जाताना थबकायचे, कारण आमच्या शाळेत शांतता म्हणजे वर्गावर मास्तर नाही असा अर्थ होता. आत डोकावले की मास्तर ओठांवर बोट ठेवायचे. हेडमास्तर चवड्यांवर परत.

रस्त्यानं त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. पोलीस ॲक्शननंतर दुकानदारांनी घाईघाईनं उर्दू पाट्या पुसून त्यांवर मराठी काढून घेतलं होतं. गुलमंडीपासून सिटी चौकापर्यंत तिरप्या काना-मात्रांची नुसती गर्दी. मास्तर एकेका पाटीसमोर उभे राहायचे. एकदा एका केशकर्तनालयासमोर ते इतका वेळ उभे राहिले की न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

"या मास्तर. दाढी का?"

"नको. तुमचा श पडायला आलाय. त्याला टेकू द्या."

न्हाव्यानं आधी छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "लई उन्हात हिंडवू नका यांना," तो मला म्हणाला.

पण त्या पाट्यांनी मास्तरांना खरंच त्रास व्हायचा. ते म्हणत, उर्दू गेली त्याचं काही नाही, राज्यं जातात; पण तिच्याबरोबर या गावाच्या हातातलं वळण जाऊ नये. पुण्याचं अक्षर पुण्याला ठीक. इथं चारशे वर्षं जो हात उजवीकडून डावीकडं फिरला, तो आता डावीकडून उजवीकडं फिरताना काहीतरी घेऊन येईलच की. उर्दूसाठी तासलेल्या बोरूनं ते मराठी काढायचे. जाड आणि बारीक भलत्याच ठिकाणी पडायचं, आणि ते भलतं ठिकाणच बरोबर वाटायला लागायचं. त्यांना अख्खी मुळाक्षरं तशी करायची होती. आमच्या गावाची मुळाक्षरं. दुसरं काही त्यांना या जगाकडून नको होतं. एक अक्षर, एक कागद. झालेले कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून स्टाफरूमच्या कपाटात.

आणि ही अक्षरं यायची शुक्रवारी.

नव्या वाचकांना सांगायला हवं, निजामाच्या राज्यात सुट्टीचा वार शुक्रवार होता. हिंदू काय, मुसलमान काय, शाळा-कचेऱ्या सगळ्या शुक्रवारी बंद. पोलीस ॲक्शननंतर रविवार आला आणि वर्षभरात सगळे रुळले. मास्तर रुळले नाहीत. "चाळीस वर्षं माझं डोकं शुक्रवारी मोकळं होत आलंय," ते म्हणत. "हुकूम कचेरीला लागू होतो, डोक्याला कसा होईल? रविवारी पाहुणे येतात. शुक्रवारी अक्षर येतं."

वेळापत्रक माझ्याकडं होतं. नव्या माणसाच्या गळ्यात ते पडतंच. मास्तर पहिल्याच आठवड्यात माझ्याकडं आले आणि म्हणाले, "माझे मोकळे तास आठवडाभर विखरू नका. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर एका रांगेत लावा. बदल्यात मला कोणताही वर्ग द्या, अगदी 'ड' तुकडी." मी लावले. चार चौकोन, सलग कोरे. शुक्रवारी मधली सुट्टी झाली की मास्तर खुलताबादची बस धरायचे. तिथं गावाबाहेर तळ्याकाठी एक पडका चौथरा होता, त्यावर संध्याकाळपर्यंत बसायचे. हातात कागद नाही, बोरू नाही. मी विचारलं होतं, खुलताबादच का? म्हणाले, "गावात मला ओळखणारे फार. तिथं सगळे कबरीत. त्यांना चौकशा करायची सवय राहिलेली नसते."

शनिवारी सकाळी प्रार्थनेआधी ते स्टाफरूममध्ये येत. आमचा शिपाई, ज्याला सगळी शाळा चाचा म्हणायची, शाई घोटून ठेवायचा. चाचाचं आणि मास्तरांचं गूळपीठ होतं. बोरूसाठी वेळू निवडून आणायचा तो चाचाच. मास्तर दारात दिसले की तो विचारायचा, "आया क्या मास्तर?" बहुतेक शनिवारी मास्तर मान हलवायचे, नाही. मग चाचा शाई झाकून ठेवायचा. पण कधी ते म्हणायचे, "आया." मग आम्ही सगळे टेबलाभोवती जमायचो. एका दमात, खाडाखोड नाही, पेन्सिलीची रेघ नाही. विज्ञानाचे सर म्हणायचे, "मास्तर, बाळ-बाळंतीण सुखरूप?" आणि मास्तर कागद उचलून खिडकीशी धरायचे.

एका शनिवारी 'ह' आला. त्या 'ह'चं वर्णन मला करता येत नाही. एवढंच सांगतो की गणिताचे सर, जे एरवी कशालाच बरं म्हणत नसत, ते म्हणाले, "हा तर श्वास टाकतोय."

मी तेव्हा कविता करायचो. दोन छापून आल्या होत्या. राहायला दीड खोली, भिंतीपलीकडं घरमालकाचं शिलाईयंत्र, आणि माझी वही तीन महिने एकाच पानावर. तो 'ह' अजून खिडकीशी धरलेला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आठवड्याला अर्धा दिवस रिकामा मिळाला तर कुणीही काढील."

गणिताच्या सरांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मास्तरांना मात्र टोमणा कळलाच नाही. ते खुश होऊन म्हणाले, "मग घ्या ना! पुढचा शुक्रवार तुमचा. तुमचे तास मी घेतो. चौथरा सापडेल, चिंचेच्या डाव्या अंगाला. वही नेऊ नका बरं का."

मी गेलो. वही नेली.

चौथऱ्यावर बसलो. तळ्यात पाणी कमी होतं, काठावर म्हशी. मी ओळ सुचायची वाट पाहत होतो. सुचलं ते असं: मंगळवारी सहावीचा भूगोल दोनदा आलाय, तो हलवायला हवा. मग हेडमास्तरांनी परवा माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, ते का. मग घरमालकाच्या यंत्राचा आवाज, इथं नव्हता तरी ऐकू येत होता. एक मुंगळा पायावर चढला, त्याला झटकलं, पुन्हा चढला. तासाभरात मला स्वतःचा इतका कंटाळा आला की भीती वाटायला लागली. शांततेत माझ्या आत काही नव्हतं. गोंगाटात निदान ते कळत नव्हतं. चारच्या आत मी बस पकडून परत आलो.

शनिवारी मास्तर दारातच उभे होते. "आलं का?"

"दोन कविता झाल्या," मी म्हणालो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "वाचा!"

"अजून वाचण्यासारख्या नाहीत."

"व्हय, व्हय. मुरू द्या. घाई नाय करायची." दिवसभर ते भेटेल त्याला सांगत होते, यांना दोन कविता आल्या. मी त्या दिवशी त्यांचा द्वेष करायला सुरुवात केली. याला दुसरा शब्द मी शोधून पाहिला. नाही सापडला.

त्यांनी त्याच आनंदात माझ्यासाठी नावाची पाटी करायला घेतली. सागवानी फळी, काळा रंग, त्यावर पांढऱ्यानं माझं आडनाव, त्यांच्या अक्षरात. पण मधल्या 'ळ'शी अडले. "उर्दूत ळ नाही," ते म्हणाले. "ल-ला लाम आहे, न-ला नून आहे. याला कुणी भाऊबंद नाही. एकटा आहे बिचारा. त्याच्यासाठी जास्त बसावं लागेल. थांबाल ना?"

"थांबतो की," मी म्हणालो.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं शाळेची तपासणी झाली. साहेब बाहेरच्या भागातून बदलून आलेले, या मुलखात नवे. निजामाच्या रझाकारांच्या जुलमांच्या गोष्टी त्यांनी येताना वाटेतच भरपूर ऐकलेल्या असाव्यात. हेडमास्तरांच्या खोलीत मला वेळापत्रक घेऊन बोलावलं. चाचा कोपऱ्यात पाण्याचे पेले भरत होता. साहेबांचं बोट फिरत फिरत शुक्रवारच्या रांगेवर आलं आणि चार कोऱ्या चौकोनांवर थांबलं.

"हे काय? चार तास सलग?"

"चित्रकलेच्या मास्तरांचे आहेत. त्यांना एकत्र हवे असतात."

"कशासाठी?"

स्टाफरूम बाजूलाच होती. कपाट उघडायचं, नळी आणायची, 'ह' त्यांच्यासमोर पसरायचा. वीस पावलं. मी जागचा हललो नाही.

"खुलताबादला जातात, साहेब."

"खुलताबादला? तिथं तर सगळे दर्गे ना?"

"हो."

"दर आठवड्याला जातात?"

आणि मी म्हणालो, "जुम्म्याला. दर जुम्म्याला."

या एका शब्दाच्या आड मी पंचवीस वर्षं राहिलो. जुम्मा म्हणजे शुक्रवार. आमच्या गावाकडं बाजारसुद्धा जुम्म्याचा, माझी आई उपाससुद्धा जुम्म्याचा धरायची. मी खोटं काय बोललो? असं मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्न गुळगुळीत झालाय. पण त्या दिवशी, त्या खोलीत, त्या साहेबांसमोर, माझ्या तोंडात आधी 'शुक्रवार' आला होता. तो मी गिळला आणि दुसरा काढला. मला ते आठवतं. जिभेला आठवतं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. मास्तरांचं आडनाव विचारलं. "हे तर आपल्यातले," ते हेडमास्तरांना म्हणाले. हेडमास्तर टेबलावरच्या काचेकडं पाहत राहिले. ते भले होते, पण घाबरट. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आलो तर चाचा हातातले पेले तसेच घेऊन मागं आला. तो चिडला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"साब, जुम्मा कायकू बोले? शुक्रवार बोलना था ना."

"एकच तर आहे, चाचा."

"मेरे मूँ में एकीच है," तो म्हणाला. "आपके मूँ में नै."

मग म्हणाला, "मैं मास्तर को नै बोलूँगा. आप बोलो."

मी बोललो नाही.

पुढचं फार मोठं काही झालं नाही, हेच त्यातलं वाईट. चौकशी नाही, शिक्षा नाही. फक्त बातमी खोलीबाहेर गेली. फळ्यावर कुणीतरी 'मौलवी मास्तर' लिहून ठेवलं, मास्तरांनी ते पाहिलं आणि पोरांना म्हणाले, "म-चं पोट सांभाळा, बाकी ठीक आहे." पण त्यांच्या बायकोच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी गल्लीतल्या दोघीच आल्या. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून समजावलं. मी तिथं होतो.

"अहो, रविवारी जा ना. कोण काय म्हणणार आहे?"

"रविवारी नाही येत हो."

"काय नाही येत?"

"ळ."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. मास्तरांनी फक्त वार बदलला असता तरी कदाचित निभावलं असतं. ते दर शुक्रवारी जात राहिले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तोच कापलेला कोट घालून, तीच बस. महिनाभरात बदलीचा कागद आला. सोयगाव.

जायच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. संध्याकाळी चाचा घरी आला, हातात कापडात गुंडाळलेली फळी. "मास्तर ने दिये. बोले, ळ आया तो खुद आके लिखूँगा." त्यानं फळी माझ्या हातात दिली. "बोले आप उनको?"

"नाही."

"अच्छा," म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामानं मला सोयगावला पाठवलं. मास्तरांकडंच उतरलो, त्यांनी दुसरीकडं जाऊच दिलं नाही. शाळा लहान होती, त्यामुळं चित्रकला, मराठी, कवायत, सगळं त्यांच्याकडं. त्यांनी मला आपलं वेळापत्रक कौतुकानं दाखवलं. "बघा, एक चौकोन रिकामा नाही. तुमच्यापेक्षा पक्कं करतात इथले लोक." पत्र्याची नळी खुंटीला टांगलेली होती. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं.

जेवताना ते एकदम म्हणाले, "त्या दोन कविता कधी ऐकवणार?"

तेवढं तरी खरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "कविता झाल्याच नव्हत्या, मास्तर. त्या दिवशी काहीच आलं नाही."

त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं रागावले. ते हसत होते. "मग तसं सांगायचं की! अहो, मी चौदा शुक्रवार नुसता बसलो होतो. चौदा. म्हशी पाहत. पंधराव्याला 'अ' आला. तुम्ही एकदाच गेलात?" आणि मग हळहळून, "पुन्हा मागायचा होता ना शुक्रवार. दिला असता मी."

हात धुऊन अंगणात बसलो. ते म्हणाले, "एक विचारू? त्या साहेबांच्या कानावर ते कुणी घातलं असेल हो? खोलीत हेडमास्तर होते, तुम्ही होतात आणि चाचा होता. हेडमास्तरांचं धाडस नाय. चाचा कशाला बोलेल? पण बोलला असेल भोळेपणानं. त्याला वाटलं असेल, जुम्म्याला जातात हे चांगलंच सांगतोय."

ते माझ्याकडं पाहत नव्हते. तीन नावांतलं माझं नाव आपण तपासलंच नाही, हे त्यांच्या मनातही नव्हतं. एक शब्द पुरे होता. मला शब्द निवडता येतात, हे मी एकदा दाखवून दिलं होतं.

मी म्हणालो, "कोण जाणे."

मास्तर त्यानंतर सहा वर्षं होते. मला वर्षातून दोन पत्रं यायची, सुंदर अक्षरात, अगदी साधी. शाळेतल्या प्रत्येकाची विचारपूस असे. चाचाचं नाव कधी आलं नाही. आणि चाचा, निवृत्त होईपर्यंत, पोस्टाची थैली उतरवली की मला विचारायचा, "मास्तर का खत आया क्या?" मी म्हणायचो, "नाही रे." माझ्या खिशात कधी कधी ते असायचं. चाचाला वाईट वाटू नये म्हणून मी असं म्हणतो, अशी समजूतही मी करून घेतली होती. मला समजुती छान करता येतात.

मास्तर गेल्यावर वर्षभरानं मी त्यांच्या बायकोला भेटलो. नळीत पाणी गेलं होतं, कागद एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. त्यांनी तो टाकून दिला. "काय होतं त्यात?" त्यांनी मला विचारलं. "ते सांगायचे, तुम्हाला ठाऊक आहे." चाचा त्याच्या आधीच गेला होता. तेव्हा ज्यांना खरं सांगायचं त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही, आणि मी नेमका आता सांगतोय. हेही माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

कविता मी पुढं केली नाही. शाळेत बढत्या मिळाल्या. वेळापत्रक अजून मीच करतो. कुणाचे दोन मोकळे तास शेजारी येत नाहीत, अशी माझी ख्याती आहे. तरुण मास्तर मागं काय बोलतात ते मला माहीत आहे.

मागच्या दिवाळीत झाडलोट करताना बायकोनं ती पाटी ओढून काढली, पुसली, खिडकीत टेकवली. मास्तरांनी वरची रेघ एका दमात काढलेली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड. तिच्याखाली आधीची अक्षरं आहेत, नंतरची आहेत आणि मध्ये एका अक्षराएवढी काळी जागा. बायको म्हणाली, "किती देखणं आहे हो! दारावर लावू या. हे मधलं काय झालं?"

मी म्हणालो, "रंग उडाला."

तिनं ओल्या फडक्यानं ती जागा पुन्हा पुसून पाहिली, बोट फिरवून पाहिलं. मग पाटी पुन्हा कपाटामागं ठेवून दिली. तिला कळलं असेल. रंग उडालेला नव्हता. तिथं कधी लागलाच नव्हता.